आंबा व्यापार : देशी व परदेशी बाजारपेठ

आंबा व्यापार : बागेत उतरविलेला आंबा देशातील व परदेशांतील ग्राहकांपर्यंत पोहोचविण्याचा व्यवहार. यात काढणी, प्रतवारी, पिकवण, वाहतूक, विक्री, प्रमाणन व निर्यात या सर्व टप्प्यांचा समावेश होतो. प्रस्तुत नोंदीत कोकणातील हापूस आंब्याच्या अनुषंगाने या व्यापाराचे, विशेषतः बाजारपेठेत प्रवेश मिळविण्याच्या प्रश्नाचे, विवेचन केले आहे.

जगातील आंब्याच्या एकूण उत्पादनापैकी सु. दोन-पंचमांश उत्पादन एकट्या भारतात होते. देशाचे वार्षिक उत्पादन २ कोटी टनांहून अधिक आहे. तथापि २०२३-२४ मध्ये ताज्या आंब्याची निर्यात सु. ३२ हजार टनांच्या आसपास होती. म्हणजे पिकलेल्या दर हजार किग्रॅ. आंब्यांतील दोन किग्रॅ. देखील ताज्या स्वरूपात देशाबाहेर जात नाहीत. फळाची गोडी, स्वाद व कीर्ती यांचा विचार करता ही विषमता आश्चर्यकारक वाटते. तिचे कारण मागणीच्या अभावात शोधणे चुकीचे ठरेल. एखाद्या देशात फळाला मागणी असणे आणि त्या देशाच्या बाजारपेठेत फळाला प्रवेश असणे, या दोन भिन्न गोष्टी होत.

प्रवेशाचे स्वरूप : बाजारपेठेत प्रवेश मिळण्याच्या मार्गात तीन प्रकारचे अडथळे असतात. पहिला जकातीचा, दुसरा अंतराचा व वाहतूक खर्चाचा आणि तिसरा वनस्पतींच्या व मनुष्याच्या आरोग्यरक्षणासाठी घातलेल्या अटींचा. ताज्या फळांच्या बाबतीत तिसरा अडथळा बहुधा निर्णायक असतो. या अटींचे मूळ फळाच्या स्वभावातच आहे. धान्याचा नमुना हातात घेऊन पारखता येतो; आंब्याचे तसे नाही. फळमाशीने सालीखाली घातलेली अंडी, कोयीत दडलेला भुंगा, गरात झालेला साका, सालीवर राहिलेला कीटकनाशकाचा अंश, एवढेच नव्हे तर फळ नेमके कोणत्या बागेतील आहे ही माहितीही ग्राहकाला डोळ्यांनी दिसत नाही. जे दिसत नाही त्याविषयी खात्री पटविणे, हेच आंबा व्यापारातील मुख्य कार्य होय. या खात्रीची साधने देशी व परदेशी बाजारपेठांत निरनिराळी असली, तरी प्रश्न एकच आहे.

ऐतिहासिक आढावा : पोर्तुगीजांनी गोव्यात कलमे बांधण्याच्या पद्धतीचा प्रसार केला व त्यातून उत्तम फळांचे वाण टिकवून त्यांची वाढ करणे शक्य झाले. हापूस हे नाव आफॉन्सो या पोर्तुगीज नावावरून आले असून ते आफॉन्सो द अल्बुकर्क याच्याशी जोडले जाते. गोव्याहून हा आंबा उत्तरेस कोकणात पसरला. रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले या भागांतील जांभ्या दगडाच्या कातळावर त्याच्या बागा उभ्या राहिल्या.

घाटमार्ग अवघड असल्याने कोकणच्या आंब्याची नैसर्गिक बाजारपेठ समुद्रमार्गे मुंबई हीच होती. किनाऱ्यावरील बंदरांतून गलबते व पुढे आगबोटी आंबा मुंबईस नेत. नंतर मालमोटारींनी ही वाहतूक बव्हंशी आपल्याकडे घेतली. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली, तरी बागेतून थेट बाजाराच्या गाळ्यापर्यंत माल पोहोचविण्याच्या सोयीमुळे आंब्याची वाहतूक प्रामुख्याने रस्त्यानेच होत राहिली.

परदेशी बाजारपेठेचा पद्धतशीर शोध विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सुरू झाला. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्याने १९३२ व १९३३ या वर्षी यूरोपास आंबे पाठवून पाहिले. या प्रयोगांवरील चीमा व दाणी यांचा अहवाल १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. हापूसच्या गरात आढळणाऱ्या साक्याची शास्त्रीय नोंद प्रथम याच अहवालात झाली, ही गोष्ट लक्षणीय आहे. फळ बाहेरून निर्दोष, परंतु कापल्यावर आतील गर पांढरट, स्पंजासारखा व बेचव, असा हा दोष होय. परदेशी बाजारपेठेचा विचार सुरू होताच अदृश्य दोषाचा प्रश्न पुढे आला आणि तो आजतागायत या व्यापाराच्या केंद्रस्थानी राहिला आहे.

काढणी व पूर्वतयारी : आंबा झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. व्यापारासाठी तो सु. ८५ टक्के पक्व झाल्यावर उतरवितात. कोकणातील बागाइतदार याला ‘चौदा आणे तयार’ फळ असे म्हणतात. रुपयाचे सोळा आणे होते त्या काळातील हे माप बागेत अद्याप रूढ आहे. कमी पक्व फळाला गोडी येत नाही व त्याची साल सुरकुतते. अधिक पक्व फळ वाटेतच पिकते आणि त्यात साका होण्याची शक्यताही वाढते. फळ झेल्याने, देठाचा थोडा भाग राखून उतरवितात. देठ मुळाशी तुटल्यास चीक सालीवर ओघळून डाग पडतात व पुढे त्या जागी कुजण्यास आरंभ होतो. दापोली येथील कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) सुधारित झेला प्रचारात आणला. उतरविलेले फळ तापलेल्या कातळावर न ठेवता तत्काळ सावलीत नेणे आवश्यक असते. कारण जमिनीतून मिळणारी उष्णता हे साक्याचे एक कारण मानले जाते. कोयीत अकाली सुरू होणारी अंकुरणाची प्रक्रिया हेही एक कारण संशोधकांनी सुचविले आहे. याच विद्यापीठाने १९८१ मध्ये नीलम व हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ ही साकाविरहित जात विकसित केली. मात्र बाजारात नावाला किंमत असल्याने हापूसचे स्थान तिला घेता आले नाही. नव्या जातीला ग्राहकाच्या मनात प्रवेश मिळविणे हे परदेशी बाजारपेठेत शिरण्याइतकेच कठीण असते, याचे हे उदाहरण होय.

देशी बाजारपेठ : हापूसच्या उत्पादनाचा फार मोठा भाग मुंबई, पुणे, कोल्हापूर, अहमदाबाद यांसारख्या शहरांत खपतो. मुंबईत फळांचा घाऊक बाजार दीर्घकाळ क्रॉफर्ड मार्केटात म्हणजे आताच्या महात्मा जोतिबा फुले मंडईत भरत असे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात तो नवी मुंबईतील वाशी येथे हलविण्यात आला. हंगामाच्या आरंभी देवगड वा रत्नागिरी भागातून आलेल्या पहिल्या पेटीची बाजारात पूजा करण्याचा प्रघात आहे. आरंभीच्या पेट्यांना मिळणारा भाव मे महिन्यात आवक वाढताच झपाट्याने उतरतो. त्यामुळे मोहोर लवकर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक संजीवक वापरण्याची प्रथा रूढ झाली. पावसाळा तोंडावर आला की उरलेला आंबा प्रक्रिया कारखान्यांकडे वळतो. अशा रीतीने बागाइतदाराचे वर्षाचे उत्पन्न जेमतेम तीन-चार महिन्यांच्या विक्रीवर अवलंबून असते.

जुन्या पद्धतीत बागाइतदार आपला माल अडत्याकडे पाठवितो, अडत्या तो विकतो आणि अडत, हमाली, तोलाई, वाहतूक इ. खर्च वजा करून उरलेल्या रकमेची हिशेबपट्टी पाठवितो. फवारणी, राखण व मजुरी यांसाठी हंगामापूर्वी लागणारे भांडवल पुष्कळदा हा अडत्याच उचल म्हणून देतो. पतपुरवठा व विक्री एकाच हाती आल्याने बागाइतदाराचे बाजार निवडण्याचे स्वातंत्र्य संकुचित होते. परंतु बँकेचे कर्ज वेळेवर न मिळणाऱ्या लहान बागाइतदारास हाच आधार असतो, हेही नाकारता येत नाही. फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची ‘हत्ता’ पद्धतही प्रचलित होती. तीत व्यवहाराचा भाव शेजारी उभ्या असलेल्यासही कळत नसे. दूर गावी असलेल्या उत्पादकास तो कळण्याचा प्रश्नच नव्हता. येथेही अदृश्यतेचाच प्रश्न होता, मात्र येथे खात्री हवी होती ती विकणाऱ्याला.

या उणिवा दूर करण्यासाठी महाराष्ट्र कृषि उत्पन्न खरेदी-विक्री (नियमन) अधिनियम १९६३ अन्वये बाजार समित्यांचे नियंत्रण आले. महाराष्ट्र राज्य कृषि पणन मंडळाची स्थापना १९८४ मध्ये झाली. राज्य शासनाने २०१६ मध्ये फळे व भाजीपाला यांची बाजार आवाराबाहेरील विक्री नियमनमुक्त केली, तसेच अडत उत्पादकाऐवजी खरेदीदाराकडून घेण्याची तरतूद केली. शहरांतील आंबा महोत्सव, सहकारी संस्था व घरपोच पाठवणी यांमुळे थेट विक्री वाढली आहे. तरीही मोठ्या प्रमाणावरील माल अल्पावधीत विकून देण्याची घाऊक बाजाराची क्षमता अन्य कोणत्याही व्यवस्थेस अद्याप साधलेली नाही.

देशी ग्राहकाच्या मनातील दोन शंका व्यापारावर परिणाम करतात. पहिली शंका पिकवणीसंबंधी असते. गवताच्या वा भाताच्या पेंढ्याच्या अढीत आंबा सावकाश पिकतो. त्याऐवजी कॅल्शियम कार्बाइड वापरून तो झटपट पिवळा करण्याचा गैरप्रकार चालतो. कार्बाइडपासून निघणाऱ्या ॲसिटिलीन वायूत आर्सेनिक व फॉस्फरस यांच्या विषारी संयुगांचे अंश असू शकतात. म्हणून फळे पिकविण्यासाठी त्याच्या वापरास कायद्याने बंदी आहे. नियंत्रित कोठीत ठराविक प्रमाणात एथिलीन वायू वापरण्यास मात्र अनुमती आहे. दुसरी शंका फळाच्या मूळ स्थानासंबंधी असते. अन्य प्रदेशांतील दिसण्यास सारखा, परंतु स्वादाने भिन्न असलेला आंबा कोकणच्या नावाने पेट्यांत भरून विकला जातो आणि त्यामुळे खऱ्या मालाचा भावही उतरतो. यावर उपाय म्हणून हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांचा समावेश आहे. अशा निर्देशांकामुळे नावाचा गैरवापर करणाऱ्याविरुद्ध कायदेशीर उपाय योजता येतो. मात्र नोंदणी केल्याने फसवणूक आपोआप थांबत नाही. प्रत्येक बागाइतदाराने स्वतंत्रपणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घेणे व पेटीवर तशी खूण असणे आवश्यक ठरते.

परदेशी बाजारपेठ : भारतीय आंब्याचा सर्वांत जुना व मोठा परदेशी ग्राहक आखाती प्रदेश हा होय. संयुक्त अरब अमीरात या देशाचे त्यात अग्रस्थान आहे. अंतर कमी, समुद्रमार्ग सोयीचा, भारतीय वस्ती मोठी आणि किडींसंबंधीच्या अटी तुलनेने सौम्य, अशी अनुकूल परिस्थिती तेथे आढळते. मात्र प्रवेश सुलभ असल्याने स्पर्धाही तीव्र आहे. पाकिस्तान व इतर देशांचा आंबा तेथे येतो व भाव मर्यादित राहतो. याउलट जपान व अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथे भाव चांगला, पण प्रवेश अवघड असतो. म्हणजे ज्या बाजारपेठेचे दार जड असते, तेथेच आत गेल्यावर अधिक मोबदला मिळतो, असे सामान्यतः दिसून येते.

दार जड होण्याचे कारण बहुधा फळमाशी हे असते. या माशीच्या काही जाती भारतात सर्वत्र आढळतात. मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीत अंडी घालते व अळ्या गर खाऊन फळ नासवितात. ज्या देशात ही माशी नाही, तेथे ती एका फळातून शिरली तरी स्थानिक फळबागांचे अपरिमित नुकसान होऊ शकते. कोयीतील भुंगा ही दुसरी कीड. लहान फळावर घातलेल्या अंड्यातून निघालेली अळी कोयीत शिरते आणि तिने केलेले छिद्र फळाच्या वाढीबरोबर बुजून जाते. आपली पिके अशा किडींपासून राखण्याचा प्रत्येक देशाचा अधिकार १९५१ मध्ये स्वीकृत झालेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिसंरक्षण कराराने मान्य केला आहे. भारतानेही १९१४ मध्ये विनाशक कीड व कीटक अधिनियम करून हा अधिकार वापरला होता. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासून अंमलात आलेल्या आरोग्यविषयक करारानुसार मात्र अशा अटींना शास्त्रीय आधार असला पाहिजे. आरोग्याच्या निमित्ताने स्पर्धा टाळण्यास तो करार मुभा देत नाही. या दोन तत्त्वांच्या मधल्या जागेत वाटाघाटी चालतात आणि त्या पुष्कळदा वर्षानुवर्षे रेंगाळतात.

जपानने १९८६ मध्ये फळमाशीच्या कारणास्तव भारतीय आंबा बंद केला. ती बंदी उठण्यास २००६ साल उजाडले. अमेरिकेची बाजारपेठ १९८९ पासून बंद होती. मार्च २००६ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांच्या भारतभेटीत तत्त्वतः सहमती झाली, पुढील वर्षी नियम प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २००७ मध्ये पहिली खेप रवाना झाली. दरम्यान त्या देशाची आंब्याची गरज मुख्यतः मेक्सिको व दक्षिण अमेरिकेतील देश भागवू लागले होते. लालसर सालीची, टणक गराची व दूरच्या प्रवासात टिकणारी ‘टॉमी ॲटकिन्स’सारखी फ्लॉरिडातील जात तेथील ग्राहकाच्या दृष्टीने आंब्याचे प्रमाणरूप ठरली होती. अठरा वर्षांनी परतलेला हापूस त्यामुळे तेथे प्रामुख्याने भारतीय वंशाच्या कुटुंबांचे हंगामी फळ राहिला. बाजारपेठ बंद राहिल्याची किंमत केवळ तेवढ्या वर्षांच्या विक्रीत मोजता येत नाही. त्या काळात ग्राहकाची आवड अन्यत्र स्थिर होते, हा तोटा अधिक टिकाऊ असतो.

कीडनाशक प्रक्रिया : प्रवेशासाठी मान्य झालेल्या प्रक्रिया मुख्यतः तीन आहेत. (१) उष्ण जलप्रक्रिया : यूरोपात पाठवावयाचा आंबा ४८° से. तापमानाच्या पाण्यात ६० मिनिटे बुडवून ठेवतात. पद्धत स्वस्त आहे. परंतु तापमान वा वेळ चुकल्यास साल भाजते आणि फळ सर्वत्र सारखे पिकत नाही. (२) उष्ण बाष्पप्रक्रिया : बंद कोठीत संपृक्त उष्ण हवेने फळाच्या गाभ्याचे तापमान सु. ४७·५° से. पर्यंत वाढवून ते २० मिनिटे राखतात. जपानसाठी ही प्रक्रिया आवश्यक असून हापूस, केसर, बनगनपल्ली, लंगडा, चौसा व मल्लिका या सहा जातींना तेथे मान्यता मिळाली. (३) विकिरण : अमेरिकेसाठी आंब्यास कोबाल्ट-६० पासून निघणाऱ्या गॅमा किरणांची किमान ४०० ग्रे एवढी मात्रा देतात. नासिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने मूलतः कांद्याला मोड येऊ नयेत यासाठी उभारलेल्या ‘कृषक’ या केंद्रात २००७ मध्ये हे काम सुरू झाले. पुढे नवी मुंबईत पणन मंडळानेही विकिरण केंद्र उभारले. या क्रियेने फळ किरणोत्सर्गी होत नाही, तसेच ते तापवावे लागत नसल्याने कोवळ्या सालीच्या हापूसला ती अधिक मानवते. कोयीतील भुंग्यापर्यंत किरण पोहोचतात, हा तिचा विशेष फायदा होय.

विकिरणाचे एक वैशिष्ट्य व्यापाराच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ठरविलेल्या मात्रेने कीड तत्काळ मरतेच असे नाही. तिची वाढ खुंटते व प्रजननक्षमता नष्ट होते. त्यामुळे फळात जिवंत कीटक आढळला तरी तो निरुपद्रवी आहे की नाही, हे पाहून सांगता येत नाही. मात्रा दिल्याची अचूक नोंद हाच एकमेव पुरावा उरतो. म्हणूनच अमेरिकेचे निरीक्षक हंगामात भारतात येऊन प्रक्रियेवर प्रत्यक्ष देखरेख ठेवतात व त्यांचा खर्च निर्यातदारांच्या बाजूने सोसावा लागतो. कोविड-१९ च्या साथीमुळे हे निरीक्षक येऊ न शकल्याने २०२० व २०२१ या दोन्ही हंगामांत अमेरिकेची निर्यात बंद राहिली. आंबा होता, केंद्र होते, ग्राहकही होता. साक्षीदार मात्र नव्हता.

प्रमाणन व नोंदी : यूरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा आणि वांगी, अळू, कारली व पडवळ या चार भाज्या यांवर बंदी घातली. आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळांच्या व भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशी व अन्य किडी आढळल्या होत्या. ऐन हंगामात आलेल्या या बंदीने यूरोपसाठी राखलेला माल देशी बाजारात उतरला. त्यानंतर मान्यताप्राप्त बांधणीगृहातूनच निर्यात, सक्तीची उष्णता प्रक्रिया व सरकारी निरीक्षकांची तपासणी अशी व्यवस्था लावण्यात आली. जानेवारी २०१५ मध्ये आंब्यावरील बंदी उठविण्याचा निर्णय झाला. कृषी व प्रक्रियाकृत अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण (अपेडा) या १९८६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने बागांची नोंदणी करून फळाचा माग बागेपर्यंत काढता येईल अशी ‘मँगोनेट’ पद्धत सुरू केली. द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ ही अशीच पद्धत २००६ पासून अस्तित्वात होती व यूरोपीय बाजारपेठेत महाराष्ट्राची द्राक्षे टिकून राहण्यास तिचा मोठा उपयोग झाला.

यूरोपीय संघात कीटकनाशकांच्या अंशाची मर्यादाही कडक आहे. ज्या रसायनासाठी स्वतंत्र मर्यादा ठरविलेली नाही, त्याचे प्रमाण १ किग्रॅ. फळात ०·०१ मिग्रॅ. पेक्षा अधिक असून चालत नाही. तुडतुडे, फुलकिडी व भुरी यांसाठी वारंवार फवारणी कराव्या लागणाऱ्या बागेस या अटीचे पालन करणे सोपे नसते. फवारणी कोणती, कधी व किती केली याची टिपणवही, काढणीपूर्वी राखावयाचा अवधी, तसेच दापोली विद्यापीठाच्या ‘रक्षक’सारख्या गंधसापळ्यांनी फळमाशीच्या नरांचे नियंत्रण, या उपायांचा अवलंब करावा लागतो.

नोंदींचे महत्त्व मे २०२५ मधील घटनेने पुन्हा स्पष्ट झाले. मुंबईहून विमानाने अमेरिकेत गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा विकिरणासंबंधीच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याच्या कारणावरून तेथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. माल परत नेणे वा तेथेच नष्ट करणे असे दोनच पर्याय होते; नाशवंत फळ विमानभाडे भरून परत आणणे परवडणारे नसल्याने ते नष्ट करण्यात आले. फळात कीड आढळली असा आक्षेप नव्हता. निर्यातीचा आंबा हा फळ व दाखला मिळून एक माल असतो. त्यांपैकी दाखला सदोष असल्यास उत्तम फळाचीही किंमत शून्य होते.

खर्च व उत्पादकाचा वाटा : हापूस पिकण्यास सुरुवात झाल्यावर फार दिवस टिकत नाही आणि सु. १२° से. पेक्षा कमी तापमानात त्यास शीतबाधा होऊन साल काळवंडते. त्यामुळे दूरच्या देशांना तो विमानानेच जातो. सु. ३ ते ३·५ किग्रॅ. च्या खोक्यासाठी परदेशी ग्राहक जी किंमत मोजतो, तिचा मोठा भाग विमानभाडे, प्रक्रिया, बांधणी, निरीक्षण व वितरक यांच्या वाट्यास जातो. मेक्सिकोचा आंबा रस्त्याने सीमा ओलांडून अमेरिकेत येत असल्याने या बाबतीत त्याच्याशी स्पर्धा करणे कठीण आहे. यावर समुद्रमार्ग हा उपाय दिसतो. विकिरणित केसर आंब्याची सु. १६ टनांची खेप २०२२ मध्ये शीतपेटीतून समुद्रमार्गे अमेरिकेस पाठविण्याचा यशस्वी प्रयोग झाला. हापूसच्या बाबतीत मात्र एवढा दीर्घ प्रवास साधण्यासाठी काढणीची पक्वता व कोठीतील हवेची घटना यांवर अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.

कोकणात हापूसचे हेक्टरी उत्पन्न सु. २ ते ३ टन एवढेच असते. झाडे बहुधा वर्षाआड फळतात आणि अवकाळी पाऊस वा उष्णतेची लाट यांनी मोहोर गळतो. बागा लहान व विखुरलेल्या असतात. नोंदणी, टिपणवह्या, अंशतपासणी यांचा खर्च बागेच्या आकारमानाप्रमाणे कमी होत नसल्याने शंभर झाडांच्या बागाइतदारास तो दरकिलोमागे सर्वाधिक पडतो. परिणामी परदेशी बाजारपेठ खुली झाली तरी ती सर्वांना सारखी खुली होत नाही. सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपन्या यांनी सामाईक बांधणीगृह, सामाईक तपासणी व गटनोंदणी केल्यासच लहान उत्पादकास त्यात शिरकाव करता येतो.

प्रक्रियायुक्त पदार्थ : आंब्याचा रस वा गर डबाबंद करताना दिलेल्या उष्णतेने किडीचा प्रश्न उरत नाही व माल जहाजाने पाठविता येतो. त्यामुळे आमरसाची निर्यात वजनाने ताज्या फळांहून पुष्कळदा अधिक असते. तीत दक्षिण भारतातील तोतापुरीचा वाटा मोठा आहे. हापूसच्या रसाला भाव अधिक, पण पुरवठा कमी असतो. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कारखाने मोसमाच्या अखेरचा व लहान आकाराचा आंबा घेतात. कारखान्याचा दर फळबाजारापेक्षा कमी असला, तरी भाव कोसळल्यावर बागाइतदारास तोच तळाचा आधार ठरतो.

समस्या व दिशा : आंब्याच्या देशी व परदेशी बाजारपेठा पुष्कळदा परस्परांपासून वेगळ्या मानल्या जातात, उत्कृष्ट फळ व काटेकोर व्यवस्था निर्यातीसाठी आणि उरलेले देशासाठी, अशी विभागणी केली जाते. वस्तुतः निर्यातीचे प्रमाण इतके अल्प आहे, की केवळ तिच्या बळावर बांधणीगृहे, तपासणी प्रयोगशाळा व शीतसाखळी वर्षभर चालविणे परवडणारे नाही. नोंदणीकृत बाग, योग्य पक्वता, सुरक्षित पिकवण व मूळ स्थानाची खूण या गोष्टी मुंबईच्या ग्राहकालाही हव्या असतात. त्यांची किंमत तो मोजू लागल्यास निर्यातीची पूर्वतयारी देशी बाजारातच होऊन जाते. परदेशाच्या निरीक्षकाने मागितल्यावर दाखला गोळा करणे आणि घरच्या ग्राहकासाठी तो नित्य तयार असणे, यांत मोठा फरक आहे. पहिल्या स्थितीत दार प्रत्येक हंगामी बंद होण्याची भीती राहते; दुसऱ्या स्थितीत ते उघडे राहण्याचा संभव वाढतो. हापूसच्या व्यापाराचे भवितव्य फळाच्या गोडीवर जितके अवलंबून आहे, तितकेच ते या सवयीवर अवलंबून राहील.